आधी फॉर्म, मग बॅग

(या वर्षी गुढीपाडव्याच्या संध्याकाळी मंडळाच्या सभागृहात झालेल्या भाषणाचा हा मजकूर. पुढल्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये मंगोलियाला जाण्यासाठी नाव दिलेल्या सभासदांच्या आग्रहावरून तो स्मरणिकेत देत आहोत. – संपादक मंडळ)



श्रीखंड-पुरीचं जेवण झाल्यावर वक्त्याला उभं करणं ही आपल्या मंडळाची जुनी खोड आहे. त्यामुळे कोणाला डुलकी लागली तर मी राग मानणार नाही. फक्त ज्या चौदा जणांनी पुढल्या वर्षीच्या सहलीसाठी नावं दिली आहेत, त्यांनी कृपया जागं राहावं. आजचं बोलणं मुख्यतः त्यांच्यासाठी आहे.

आपले चिटणीस मला म्हणाले, "काका, तुम्ही २०२३ मध्ये मंगोलियाला जाऊन आलात. काय काय न्यायचं त्याची यादी सांगा." यादी मी सांगणारच आहे. पण त्याआधी मला एक जुनी गोष्ट सांगायची आहे. ती मी या सभागृहात आजवर कधी बोललो नाही. ती २०११ सालची आहे आणि लडाखची आहे.

त्या वर्षी जुलैमध्ये आम्ही चार जोडपी लडाखला गेलो. सगळे इथलेच, जमशेदपूरचे. तेव्हा मी बावन्न वर्षांचा होतो आणि नोकरीत होतो. सहलीआधी एक पानी फॉर्म आला होता. रक्तदाब आहे का, मधुमेह आहे का, रोज कोणती औषधं घेता. मला दोन वर्षांपासून रक्तदाबाची गोळी चालू होती. मी सरळ "नाही" लिहिलं. का? तर उगाच कोणी शंका काढू नये, आणि बायकांसमोर आपण म्हातारे ठरू नये.

लेह साधारण ३५०० मीटर उंचीवर आहे. आपलं जमशेदपूर दीडशे मीटरच्या आत-बाहेर. विमानानं गेलं की माणूस दीड तासात दिल्लीहून तिथे पोचतो, पण शरीर मागेच राहिलेलं असतं. हवा विरळ, त्यामुळे प्रत्येक श्वासात प्राणवायू कमी. शरीराला हे जमवून घ्यायला वेळ लागतो, म्हणून पहिले दोन दिवस नुसती विश्रांती घ्यायची असते. वाटाड्यानं तसं बजावलं होतं. मी दुसऱ्या दिवशी सकाळी शांती स्तूपाच्या पायऱ्या चढून आलो. संध्याकाळपासून डोकं ठणकायला लागलं. मी गुपचूप डोकेदुखीची गोळी घेतली. वाटाड्या रोज सकाळी प्रत्येकाला विचारायचा, "सर, सर में दर्द? नींद हुई?" मी म्हणायचो, "फर्स्ट क्लास!"

चौथ्या दिवशी आम्ही त्सो मोरिरी तलावावर पोचलो. उंची ४५०० मीटर. रात्री मला उलट्या सुरू झाल्या. आडवं झालं की श्वास कोंडायचा. बाहेर जायला उठलो तर पाय दारू प्यायल्यासारखे पडत होते. सौ.नं घाबरून वाटाड्याला उठवलं. त्यानं माझी नखं पाहिली आणि दहा मिनिटांत गाड्या सुरू करायला लावल्या. वाटाड्या एकच होता, त्यामुळे आठही जणांना निघावं लागलं. रात्री एक वाजता, त्या रस्त्यावरून, सिंधूच्या काठानं चुमाथांगकडे आणि पुढे लेहला. दोनशे किलोमीटरहून जास्त अंतर. लेहच्या डॉक्टरांनी सांगितलं, फुफ्फुसात पाणी भरायला सुरुवात झाली होती, सकाळपर्यंत थांबला असतात तर अवघड होतं.

मी वाचलो. पण गोष्ट तिथे संपत नाही. आमच्यात माझे एक सहकारी होते. पक्ष्यांचे फोटो काढायचा त्यांना मोठा नाद. अकरा वर्षांत त्यांनी एवढी लांब रजा पहिल्यांदा घेतली होती, आणि ती कशासाठी, तर त्सो मोरिरीच्या काठी उन्हाळ्यात येणारे काळ्या मानेचे क्रौंच पहाटेच्या उजेडात टिपण्यासाठी. ती पहाट त्यांनी माझ्यामुळे जीपमध्ये काढली. नंतर त्यांना पुन्हा योग आला नाही. आज ते आपल्यात नाहीत. मला ते एका शब्दानं कधी बोलले नाहीत, आणि तेच मला जास्त लागतं.

कारखान्यातल्या मंडळींना आणखी एक गोष्ट कळेल. उंचावर काम करणाऱ्याला आपल्याकडे हाइट पास लागतो. चक्कर येते का, रक्तदाब किती, हे तपासल्याशिवाय क्रेनवर कोणाला चढू देत नाहीत. त्या पासांवर त्या काळात माझी सही असायची. एका पोरानं चक्कर लपवली म्हणून मी त्याला भर शिफ्टमध्ये झापला होता. "तू पडलास तर खालच्या चौघांवर पडशील," असं म्हणालो होतो. आणि त्याच वर्षी मी स्वतः काय केलं, ते तुम्ही आत्ता ऐकलंत.

आता मंगोलिया.

आपल्या निम्म्याहून थोडा लहान, पंधरा लाख चौरस किलोमीटरहून मोठा देश, आणि माणसं किती? साधारण पस्तीस लाख. त्यातली जवळपास निम्मी उलानबातर या राजधानीत. म्हणजे बाकी देशात गवत, डोंगर, जनावरं आणि अधूनमधून एखादा पांढरा तंबू. आम्ही गेलो तो भाग अगदी पश्चिम टोकाचा, बायान-ओल्गी प्रांत. राजधानीपासून रस्त्यानं सोळाशे-सतराशे किलोमीटर, देशांतर्गत विमानानं तीनेक तास. तिथे राहणारे बहुतेक लोक कझाख आहेत, मुसलमान आहेत, आणि गरुड पाळून शिकार करण्याची त्यांची परंपरा प्रसिद्ध आहे. प्रांताच्या कडेला अल्ताई पर्वत. तिथे 'तवन बोग्द', म्हणजे पाच पवित्र शिखरं. सगळ्यात उंच खुइतेन, ४३७४ मीटर. त्यांच्या पायथ्याशी पोतानिन नावाची सुमारे चौदा किलोमीटर लांबीची हिमनदी. पलीकडे एका बाजूला चीन, दुसऱ्या बाजूला रशिया. त्यामुळे सीमाभागाचा वेगळा परवाना लागतो. तो वाटाड्याच काढतो, पण त्यासाठी आपले कागद वेळेवर पोचवावे लागतात. व्हिसाचे नियम बदलत राहतात, म्हणून ऐकीव माहितीवर जाऊ नका, थेट वकिलातीकडूनच खात्री करून घ्या.

उंचीचा विचार केला तर हे लडाखपेक्षा सोपं आहे. ओल्गी गाव १७०० मीटरवर आणि पायथ्याचा तळ ३००० च्या आसपास. पण लडाखात रात्रीतून लेह गाठता आलं. इथे तळावरून आधी चौदा-पंधरा किलोमीटर पायी किंवा घोड्यावर, मग दिवसभर गाडीनं दगडधोंड्यांतून, तेव्हा कुठे ओल्गी. मोठा इलाज हवा असेल तर तिथून विमानानं राजधानी. हे अंतर मनात नीट धरा, म्हणजे पुढचं सगळं समजेल.

आम्ही नऊ जण होतो. सहा मराठी, एक बंगाली जोडपं आणि एक तेलुगू मित्र. या वेळी फॉर्म चार पानी होता. मी तो टेबलावर आठ दिवस तसाच ठेवला. चौसष्ट वय, रक्तदाब, डावा गुडघा, वर २०११ ची ती रात्र. हे सगळं लिहिलं तर नेणारच नाहीत, असं वाटत होतं. शेवटी सौ.नं पेन हातात घेतलं आणि म्हणाली, "मी लिहिते, तुम्ही नुसती सही करा." तिनं सगळं लिहिलं. घोरतो तेसुद्धा लिहिलं.

पंधरा दिवसांनी ओल्गीहून फोन आला. आमची वाटाडी पंचविशी-तिशीतली कझाख मुलगी होती. हिवाळ्यात शाळेत इंग्रजी शिकवायची आणि उन्हाळ्यात पाहुणे फिरवायची. तिनं मला तीन प्रश्न विचारले. एक, तुम्हाला काय जमत नाही? दोन, रोज कोणती औषधं घेता, आणि ती संपली किंवा हरवली तर काय होईल? आणि तिसरा प्रश्न: रात्री बरं वाटेनासं झालं तर तुम्ही पहिल्यांदा कोणाला उठवणार?

मंडळी, या तिसऱ्या प्रश्नावर मी फोनवर गप्प झालो. कारण २०११ सालचं खरं उत्तर होतं, "कोणालाच नाही."

तिनं मला नाकारलं नाही. म्हणाली, "तुमच्यासाठी तळापर्यंत घोडा ठेवते. शिखराच्या दिवशी तुम्ही तळावर थांबा. आणि गटात असे आणखी दोघे आहेत, म्हणून एक मदतनीस वाटाड्या जास्त घेऊ." त्याचे पैसे थोडे वाढले. ते आम्ही नऊ जणांनी वाटून दिले. त्या पैशांचं मोल पुढे सांगतो.

मग सहा महिने तयारी. रोज पहाटे पाचला ज्युबिली पार्कच्या फेऱ्या. मे महिन्यात आपल्याकडे सहानंतर ऊन काय असतं ते तुम्हाला ठाऊकच आहे. क्वार्टरच्या जिन्यावर पाठीवरच्या पिशवीत आठ किलो तांदूळ घेऊन चढ-उतार. शेजारच्या वहिनींनी सौ.ला विचारलं, "भाऊजींना रेशन पोचवायचं काम लागलं का?" दर रविवारी परवानगी घेऊन दलमा. चढताना छाती बोलते आणि उतरताना गुडघे बोलतात, म्हणून उतरण्याचा सराव जास्त करा. हातात दोन काठ्या घ्या, लाज बाळगू नका. बूट निदान तीन महिने आधी घ्या आणि याच रस्त्यांवर वापरा. नवे बूट तिथे नेऊन घालणं म्हणजे लग्नाच्या दिवशी नवरदेवाला कोल्हापुरी चावावी तसं. तिथली घोड्यावरची खोगिरं कडक असतात. त्यासाठी रोज अर्धा तास मांडी घालून जमिनीवर बसा आणि मांडीचे व्यायाम करा.

आता यादी. चाकांची सुटकेस घरी ठेवा. तुमचं सामान शेवटच्या टप्प्यात दोन मदारींच्या उंटावर चढणार आहे, आणि उंटाच्या पाठीला चाकं लागत नाहीत. मऊ कापडी बॅग घ्या. देशांतर्गत विमानात आम्हाला हातातलं धरून पंधरा किलोच चालत होतं. कपडे थरांचे घ्या. आत घाम शोषणारा, मधे लोकरीचा, वर वारा-पाऊस अडवणारा. ऑगस्टमध्ये दुपारी वीस-बावीस अंश आणि रात्री शून्याजवळ, असं एकाच दिवसात होतं. आम्हाला पंधरा ऑगस्टच्या सकाळी तळावर बर्फ पडलेला दिसला. टोपी, हातमोजे, डोक्याला बांधायची बॅटरी, काळा चष्मा आणि ओठांना लावायचं मलम घ्या. झोपण्याची पिशवी तिथे भाड्यानं मिळते, पण तिचं आतलं अस्तर स्वतःचं न्या.

भगिनींसाठी एक स्पष्ट सांगतो. वाटेत शौचालय नाही, झाडही नाही. क्षितिजापर्यंत गवतच गवत. आमच्या बायकांनी एक मोठी काळी छत्री आणि एक लांब घेराचा परकर नेला होता. पहिल्या दिवशी त्या लाजल्या. तिसऱ्या दिवशी ती छत्री गटाची सार्वजनिक मालमत्ता झाली.

औषधं मूळ पाकिटात न्या, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी, आणि एक पूर्ण संच दुसऱ्याच्या बॅगेत ठेवा. उंचीवरच्या त्रासासाठीची गोळी स्वतःच्या मनानं घेऊ नका, डॉक्टरांना विचारा. तिथले कुत्रे राखणीचे असतात, दिसतात तसे गरीब नसतात. रेबीजची लस आधी घ्यावी का, हेही डॉक्टरांना विचारून ठेवा. आणि मार्मोट नावाचा मोठ्या घुशीसारखा प्राणी बिळांपाशी उभा दिसतो, त्याच्या जवळपास जाऊ नका. त्याच्यापासून प्लेगची लागण होऊ शकते. २०१९ साली याच प्रांतात त्याचं कच्चं मांस खाऊन एक जोडपं दगावलं होतं आणि तिथल्या प्रवाशांना काही दिवस अडकून पडावं लागलं होतं.

आमच्या तेलुगू मित्राला इन्सुलिन लागायचं. इन्सुलिन गोठलं की निकामी होतं. त्यानं ते फॉर्मवर लिहिलं होतं, म्हणून वाटाडीनं आधीच सांगितलं, रात्री ते झोपण्याच्या पिशवीत, अंगाजवळ ठेवायचं. त्याचा अर्धा साठा माझ्याकडे होता. आम्ही दोघं रात्री अंडी उबवल्यासारखे झोपायचो.

विम्याचे कागद बारीक अक्षरांसकट वाचा. किती उंचीपर्यंत चालतो, हेलिकॉप्टरनं आणायचा खर्च धरलाय का, आणि आधीपासूनचे आजार सांगितलेत का. तिथेसुद्धा लपवलं तर विमा कंपनी हात वर करणार. उपग्रहावर चालणारा फोन किंवा संदेशयंत्र इथून नेऊ नका. आपल्या देशात ते विनापरवाना बाळगणं गुन्हा आहे, विमानतळावरच अडचण येईल. वाटाड्याकडे तो आहे ना, एवढं आधी विचारून घ्या. ओल्गी सोडल्यावर पैसे काढायची सोय नाही, म्हणून तिथले तुग्रुग सुट्ट्या नोटांत घ्या.

आता पोटाचा प्रश्न. २०२३ मध्ये अधिक श्रावण आला होता. म्हणजे एक नव्हे, दोन-दोन श्रावण, आणि आमची सगळी सहल त्यात. देश मटणाचा! आमच्यातल्या चौघांना मांस चालणार नव्हतं. हेही आम्ही फॉर्मवर लिहिलं होतं, त्यामुळे स्वयंपाक्यानं ओल्गीच्या बाजारातून बटाटे, कोबी, गाजर, तांदूळ भरून घेतले. आम्ही नेलं ते असं: मेतकूट, भाजणी, बेसन, सुक्या खोबऱ्याची चटणी, गोडा मसाला, लाडू. लोणचं नेऊ नका, बॅगेत सांडतं. एके संध्याकाळी सौ.नं त्यांच्या चुलीवर पिठलं केलं. चुलीत काय, तर वाळलेलं शेण. आपल्या गोवऱ्याच. स्वयंपाक्याला पिठलं इतकं आवडलं की त्यानं भांडं पुसून खाल्लं.

त्यांचा चहा मिठाचा, दूध घातलेला. पहिल्या घोटाला तोंड वाकडं होतं. मग त्याला चहा न समजता पातळ सार समजा, छान लागतो. 'बाउरसाक' म्हणजे तळलेले कणकेचे गोळे, अळणी शंकरपाळेच. साय आणि दही तर काय, गोकुळ. घोडीचं आंबवलेलं दूध मात्र नव्या पोटानं बेतानं घ्यावं.

गेर म्हणजे नमद्याचा गोल तंबू. त्यात शिरताना उंबऱ्यावर पाय द्यायचा नाही, ओलांडून जायचं. आपल्याला हे शिकवावं लागत नाही. आत डाव्या बाजूनं वळायचं. मधल्या खांबांना टेकायचं नाही, दोन खांबांमधून जायचं नाही. चुलीकडे पाय करायचे नाहीत, त्यात कचरा टाकायचा नाही. दिलेली वस्तू उजव्या हातानं, डावा हात कोपराला लावून घ्यायची. भूक नसली तरी एक घोट, एक तुकडा तोंडात घालायचा. आणि तंबूजवळ जाताना लांबूनच "नोखोइ खोर!" म्हणून ओरडायचं. म्हणजे "कुत्रा धरा!"

भाषेची भीती बाळगू नका. कझाख लोक मित्राला 'दोस', दुकानाला 'दुकेन', साबणाला 'साबिन', फायद्याला 'पायदा' म्हणतात. फारसी शब्द त्यांच्याकडेही गेले आणि आपल्याकडेही आले. आमच्या सौ.नं दुसऱ्या दिवशी तंबूतल्या आजीबाईंकडून साबण मागून आणला, मधे कोणीही न घालता.

प्रवास सगळा सांगत बसत नाही, ते तुम्ही स्वतः पाहालच. दोन प्रसंग सांगतो.

पहिला नदीचा. आमची गाडी म्हणजे रशियन बनावटीची करडी व्हॅन, तिला तिथे 'फुर्गोन' म्हणतात. हिमनद्यांतून येणाऱ्या नद्या सकाळी उथळ असतात. दुपारी ऊन चढलं, बर्फ वितळलं की तेच पाणी चाकं बुडवतं. आम्ही वाटेत प्राचीन शिलाचित्रं पाहण्यात वेळ घालवला आणि दुपारी दोनला नदीवर पोचलो. चालकानं काठावर उभं राहून पाण्याकडे पाहिलं आणि इंजिन बंद केलं. "उद्या पहाटे," एवढंच म्हणाला. आम्ही तिथेच तंबू ठोकले. आमच्यातले एक जण चिडले, "उगाच दिवस वाया!" पण वेळापत्रकात आम्ही दोन दिवस राखीव ठेवले होते, म्हणून काही बिघडलं नाही. तुम्हीही ठेवा. शटडाउनचं नियोजन करताना आपण ठेवतो तसेच. आणि परतीचं आंतरराष्ट्रीय तिकीट ओल्गीहून आल्याच्या दुसऱ्याच दिवसाचं कधीही काढू नका.

दुसरा प्रसंग शिखराच्या दिवसाचा. तळावरून मालचिन नावाचं ४०५० मीटरचं शिखर चढता येतं, दोर-कुऱ्हाडीशिवाय. आमच्यातले चौघे पहाटे अंधारात निघाले. त्यात इन्सुलिनवाले मित्रही होते. मी तळावर थांबलो. खरं सांगतो, त्यांच्या बॅटऱ्यांचे दिवे वर वर जाताना पाहून गलबलून आलं. घोडेवाला माझ्या शेजारी येऊन बसला. त्याला माझी भाषा येत नव्हती, मला त्याची. त्यानं वाटीत खारट चहा दिला. समोर हिमनदी हळूहळू गुलाबी होत गेली. मला त्सो मोरिरीच्या न पाहिलेल्या पहाटेची आठवण झाली, आणि त्या सहकाऱ्यांचीही.

नऊच्या सुमारास उतारावरून दोन माणसं खाली येताना दिसली. माझ्या पोटात गोळा आला. जवळ आले तेव्हा कळलं, तेलुगू मित्र आणि मदतनीस वाटाड्या. मित्राला अर्ध्या वाटेत हातापायाला कंप सुटला. त्यानं तिथल्या तिथे सांगितलं, "मला ठीक वाटत नाही." खिशातली साखर खाल्ली, दहा मिनिटं बसला, आणि मदतनीसाबरोबर परत फिरला. मुख्य वाटाडी बाकी तिघांना घेऊन पुढे गेली. दुपारी ते तिघे शिखर करून हसत खाली आले, आणि सगळ्यात आधी त्या मित्राच्या गळ्यात पडले.

मंडळी, हिशेब एवढाच आहे. २०११ मध्ये मी एकट्यानं लपवलं, आणि आठ जण परत फिरले. २०२३ मध्ये एकानं वेळेवर सांगितलं, आणि एकटाच परत फिरला. तो दुसरा वाटाड्या घेण्याचे जास्तीचे पैसे, त्यांचं मोल ते हेच.

परतताना उलानबातरमध्ये एक दिवस होता. चंगीझखानाचा पुतळा वगैरे पाहिला. पण मला आवर्जून पाहायचा होता तो पेथुब मठ. लडाखचे कुशोक बकुला रिंपोछे १९९० ते २००० अशी दहा वर्षं मंगोलियात भारताचे राजदूत होते. तिथे अनेक दशकं दडपलेला बौद्ध धर्म पुन्हा उभा राहत होता, त्या काळात त्यांनी तिथल्या लोकांना मोठा आधार दिला, आणि हा मठ स्थापन केला. लेहच्या विमानतळाला त्यांचंच नाव आहे. २०११ मध्ये मी त्याच विमानतळावर ताठ मानेनं, खोटा फॉर्म खिशात घेऊन उतरलो होतो. मठात मी थोडा वेळ बसलो. सौ.नं विचारलं, "काय मागितलंत?" मी म्हटलं, "मागितलं काही नाही. एक हिशेब राहिला होता, तो सांगून टाकला."

आता शेवटचं. दाराशी टेबलावर चौदा फॉर्म ठेवले आहेत. जाताना प्रत्येकानं आपला घेऊन जावा. माझी एकच विनंती आहे. तो एकट्यानं भरू नका. नवऱ्याचा बायकोनं भरावा, बायकोचा नवऱ्यानं, आणि जे एकटे आहेत त्यांनी मुलाला, सुनेला नाहीतर शेजाऱ्याला सोबत बसवून भरावा. शेवटच्या पानावर मी हातानं एक ओळ वाढवली आहे: "रात्री बरं वाटेनासं झालं तर मी कोणाला उठवीन?" तिथे एक नाव लिहा, आणि ज्याचं नाव लिहाल त्याला आजच जाऊन सांगा.

कोणाला नाव सुचलं नाही, तर माझं लिहा. मी पुढल्या वर्षी तुमच्याबरोबर येतोय. तळापर्यंत. घोड्यावरून.

गणपती बाप्पा मोरया!